वाचकांचे प्रश्न : नववीत तंत्रज्ञान विषय घ्यावा का?

मी माध्यमिक शाळेत तंत्रज्ञान शिकवते. लाकूड, धातू, कापड, अन्न आणि इलेक्ट्रॉनिक्स, सगळ्या विभागांत आळीपाळीने माझे तास झाले आहेत. ऐच्छिक विषय निवडायचे दिवस आले की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. त्यातल्या काहींना इथे उत्तर देते.

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या वर्षी नववीत जाईल. गणित-विज्ञानात तिला उत्तम गुण मिळतात. तिला 'तंत्रज्ञान आणि उपयोजित अभ्यास' हा विषय घ्यायचा आहे. घरातले म्हणतात, हुशार मुलीने करवत-कानस कशाला हातात धरायची, तोच वेळ अभ्यासाला द्यावा. काय करावं? – एक आई

घेऊ द्या. 'तोच वेळ अभ्यासाला' हे म्हणणंच मला पटत नाही, कारण या तासाला अभ्यासच चालतो.

उदाहरण देते. 9 व्होल्टची बॅटरी आणि एक लाल एलईडी घ्या. एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, उरले 7. प्रवाह 20 मिलिअँपिअर ठेवायचा आहे. ओहमचा नियम (रोध म्हणजे व्होल्ट भागिले प्रवाह) लावला की रोध येतो 350 ओहम. विज्ञानाच्या वहीत गणित इथे संपतं आणि पूर्ण गुण मिळतात. आमच्या वर्गात खरं काम इथून पुढे आहे, कारण सुट्या भागांच्या खोक्यात 350 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला रोध करणारा भाग, नसतोच. नेहमीच्या मालिकेत 330 असतो आणि त्यानंतर एकदम 390. पहिला घेतला तर प्रवाह 21 च्या थोडा वर जातो, दुसरा घेतला तर 18 च्या आसपास राहतो. त्यात रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा सांगतो की छापलेली किंमत 5 टक्के इकडेतिकडे असू शकते. बॅटरी नवी असताना 9 पेक्षा थोडे जास्तच व्होल्ट देते, ते वेगळंच. आता मुलीला ठरवावं लागतं आणि असं का ठरवलं ते लिहावं लागतं. गणित येणाऱ्या मुलीला इथे गणिताची खरी गरज पडते.

लाकडाच्या विभागात मी 30 मिमी रुंद आणि 6 मिमी जाड पट्टी देते. दोन टेकूंवर ती सपाट ठेवायची, मध्ये वजन टांगायचं, किती वाकली ते मोजायचं. मग तीच पट्टी कडेवर उभी ठेवून तेवढंच वजन टांगायचं. पट्टीचा ताठपणा रुंदी गुणिले जाडीचा घन असा ठरतो; उभी केल्यावर जाडी पाचपट आणि रुंदी एक पंचमांश होते, म्हणून हिशेबाने वाकणं 25 पटींनी कमी व्हायला हवं. लाकूड तेच, वजन तेच. मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, पुन्हा मोजतात, आणि मग सूत्रातला जाडीचा घन त्यांना आयुष्यभर आठवतो. पुढे अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलीसाठी याहून चांगली तयारी मला माहीत नाही. ती नाही गेली, तरी घरातली फळी का वाकते हे तिला कळलेलं असेल.

घरातल्यांची शंका मात्र फार जुनी आहे. फिनलंडमध्ये 1866 साली ग्रामीण लोकशाळांतल्या मुलग्यांना हस्तकाम सक्तीचं झालं, त्यामागे तिथले शिक्षणतज्ज्ञ उनो सिग्नेअस होते. स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमोन यांनी देशोदेशीच्या शिक्षकांना हेच शिकवलं. सुतार घडवणं हा त्या शिक्षणाचा हेतू नव्हता. नीट पाहणं, अचूकपणा आणि स्वतःच्या बळावर काम तडीस नेणं हे मुलात यावं, यासाठी लाकूड हातात द्यायचं. दीडशे वर्षं झाली, तरी 'हुशार मुलीने कशाला' हे वाक्य माझ्याकडे दरवर्षी येतं, आणि दरवेळी मला तितकंच वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र जरूर करा. शाळेत जाऊन मागच्या वर्षीच्या प्रकल्पवह्या बघायला मागा. सगळ्या वह्यांत एकच आकृती, एकच ट्रे, एकच मापं दिसली, तर तिथे मुलं शिक्षकांचं चित्र गिरवत आहेत. वह्यांमध्ये खोडलेल्या कल्पना, बदललेली मापं, फसलेल्या चाचण्यांच्या नोंदी दिसल्या, तर निर्धास्तपणे नाव घाला.

प्रश्न : माझ्या मुलाला कापड विभाग निवडायचा आहे. मित्र हसतात. – एक वडील

हसणाऱ्यांना पत्र्याचं नरसाळं करायला सांगा. पत्र्यावर त्याचा उलगडलेला आकार काढावा लागतो, जोडासाठी कडेला जास्तीचा पत्रा सोडावा लागतो. घेरदार कपडा बेतताना हेच करावं लागतं, शिवणीसाठी कड सोडून. उलट कापड जास्त अवघड, कारण ते उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने फारसं ताणलं जात नाही आणि 45 अंशांत धरलं की सहज ताणलं जातं. मुलगा निवडतोय ते योग्यच आहे.

प्रश्न : मी प्रकल्पासाठी स्टूल केलं. वजनाच्या चाचणीत पायांमधली आडवी पट्टी निखळली. सादरीकरण पुढच्या आठवड्यात आहे. पुन्हा चिकटवून, पॉलिश पेपर मारून दिलं तर कुणाला कळणार नाही. वहीत काय लिहू? – नववीतला विद्यार्थी

अरे, गोंदाच्या बाटलीला इतक्यात हात लावू नकोस. आधी निखळलेल्या जागेचा जवळून फोटो काढ आणि नीट बघ. दोन्ही बाजू गुळगुळीत आहेत, वाळलेला गोंद तसाच चमकतोय, तर जोड गोंदाने सोडला. धूळ राहिली असेल, गोंद कमी पडला असेल, किंवा वाळेपर्यंत क्लॅम्पमध्ये पुरेसं दाबून ठेवलं नसेल. गोंदाला लाकडाचे तंतू ओरबाडून आले असतील, तर गोंद टिकला आणि लाकूड फाटलं. मग त्या जागी लाकूडच कमी पडलंय. ही दोन वेगळी कारणं आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की पट्टीचं कापलेलं टोक तू पायाला नुसतं टेकवून चिकटवलंस. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी समज. कापलेल्या टोकाला नळ्यांची तोंडं उघडी असतात, ती गोंद आत शोषून घेतात आणि जोडावर फारसा उरतच नाही. म्हणून असा सांधा कच्चा. तिथे लाकडी खुंट्या घाल. पट्टी 24 मिमी जाड असेल तर 8 मिमीची खुंटी, म्हणजे जाडीच्या एक तृतीयांश, आणि प्रत्येक टोकाला दोन, म्हणजे पट्टी फिरणार नाही. भोकं गुण्या लावून सरळ पाड. क्लॅम्प रात्रभर राहू दे.

मग पहिल्यासारखीच चाचणी घे. वजन तेच, ठेवण्याची जागा तीच. नाहीतर दोन निकालांची तुलना होणार नाही.

वहीत सगळं लिही: कुठल्या वजनाला सुटलं, फोटोत काय दिसलं, कारण काय वाटलं, काय बदललं, नंतर किती पेललं. मी तपासताना सर्वांत जास्त वेळ याच पानांवर घालवते. स्टूल पहिल्याच फटक्यात उभं राहिलं असतं, तर तुझ्याकडे लिहायला निम्मंही नसतं.

प्रश्न : आमच्या शाळेत हा विषय नव्याने सुरू होतोय आणि तो मला दिलाय. कार्यशाळा अजून तयार नाही. सुरुवात सांध्यांच्या सरावाने करू की थेट वस्तूने? – एक शिक्षक

सर, हा वाद 19 व्या शतकापासून चालू आहे. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला व्होस यांनी कारागिरीचे तुकडे पाडून सोप्याकडून अवघडाकडे जाणारे सराव बांधले. 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते मांडले आणि अमेरिकेतल्या शिक्षकांनी उचलून धरले. सालोमोन यांचा आग्रह उलटा: मुलाने पहिल्यापासून पूर्ण, उपयोगाची वस्तू करावी. मी सालोमोन यांच्या बाजूची आहे. कशासाठी ते माहीत नसताना दहा सांधे कापणारं मूल कंटाळतं. वस्तू हातात घेतली आणि सांधा जमेना, की ते स्वतःच सराव मागतं. तेव्हा द्या.

कार्यशाळा नसली तरी पुठ्ठा, कात्री आणि मोजमाप यांवर पहिलं सत्र उत्तम जाईल. एकच बोल्ट सगळ्या वर्गाला व्हर्निअरने (बारीक मापं घेण्याच्या सरकत्या मोजपट्टीने) मोजायला लावा आणि आकडे फळ्यावर लिहा. ते जुळणार नाहीत. मग 'खरं माप कुठलं' यावर चर्चा होऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

यंत्रं आली की चष्मा, बांधलेले केस, खोचलेल्या बाह्या. आणि ड्रिलिंग मशिनवर हातमोजे घालू देऊ नका. पालक काळजीपोटी मोजे देऊन पाठवतात, पण फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात ओढला जातो. हे पालकसभेत मशिन दाखवून सांगा.

प्रश्न : सगळं संगणकावर चालणार असेल तर मुलाने फक्त कोडिंग शिकलं तर पुरे नाही का? – एक पालक

त्याला बटण दाबल्यावर आकडा एकाने वाढवणारा प्रोग्रॅम लिहायला सांगा आणि खरं बटण जोडून द्या. प्रोग्रॅम बरोबर असेल, तरी एकदा दाबल्यावर कधी दोन वाढतील, कधी तीन. तो कोड पुन्हापुन्हा तपासेल, चूक सापडणार नाही. बटणाच्या आतले धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि संगणकाला तेवढ्यात अनेक दाब दिसतात, हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. त्याला बटण उघडून आत बघू द्या. मग त्याला सुचेल की पहिल्या दाबानंतर 20 ते 50 मिलिसेकंद थांबायचं आणि पुन्हा वाचायचं. नाही सुचलं तर मला लिहा.