फॅलोपियन ट्यूबमधली ‘ट्यूब’

प्रश्न असा आहे: ‘फॅलोपियन ट्यूब’साठी, म्हणजे स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या वाटेसाठी, मराठीत गर्भनलिका, अंडनलिका, बीजवाहिनी असे वेगवेगळे शब्द दिसतात. ट्यूब म्हणजे नळीच, तेव्हा ‘नलिका’वाला शब्द मुळाला धरून आहे, असं म्हणावं का?

नाही म्हणता येणार. मुळात तिथे नळी नाही, वाद्य आहे.

गाब्रिएले फाल्लोप्पिओ (१५२३–१५६२) हा पादुआ विद्यापीठातला शरीररचनेचा प्राध्यापक. त्याच्या आडनावाचं लॅटिन रूप फालोपियस, आणि त्यावरून आपलं ‘फॅलोपियन’. १५६१ साली व्हेनिसमध्ये त्याचं ‘ऑब्झर्वेशनेस अ‍ॅनाटॉमिके’ हे पुस्तक निघालं. त्याच्या आधी, १५४३ मध्ये, व्हेसालियसचा ‘फाब्रिका’ हा ग्रंथ बाझेलला छापला गेला होता. त्यातले सांगाडे आणि सोललेले स्नायू लाकडी ठशांवर इतके देखणे कोरलेले होते की शरीररचनेचं पुस्तक म्हटलं की चित्रं हवीतच, असं वाटावं. फाल्लोप्पिओच्या पुस्तकात मात्र एकही आकृती नाही. अवयव दाखवायचा तो शब्दांतच.

म्हणून तो बारकाईने लिहितो. गर्भाशयाच्या कोपऱ्यातून ही वाट निघते तेव्हा अरुंद आणि पांढुरकी असते, मग हळूहळू रुंदावते, वेलीच्या तणाव्यासारखी वळ्या घेत जाते. टोकाशी ती विरलेल्या कापडाच्या दशांसारखी फाटकी दिसते. या दशा नीट उलगडून पसरल्या, की पितळी ‘टूबा’चं तोंड दिसतं. दशांसाठी त्याने वापरलेला ‘फिंब्रिए’ हा शब्द डॉक्टरांच्या बोलण्यात अजून आहे.

लॅटिनमध्ये ‘टूबुस’ म्हणजे नळ आणि ‘टूबा’ म्हणजे रोमन सैन्यातलं सरळ, तोंडाशी पसरट रणवाद्य. बँडमधला गुंडाळलेला अवाढव्य ट्यूबा तो नव्हे. तो एकोणिसाव्या शतकातला. इंग्रजीत ‘टूबा’चं ‘ट्यूब’ झालं आणि वाद्याची नळी झाली. त्याला मराठी जोड शोधायची तर तुतारी चटकन सुचते, पण ती वाकडी. सरळ आणि तोंडाशी फुललेला तो आपला कर्णा. (कानातल्या युस्टेशियन ट्यूबचं शास्त्रीय नावही ‘टूबा’च. म्हणजे कर्णातला कर्णा!) ग्रीकांनी अशाच वाद्याला ‘साल्पिंक्स’ म्हटलं; बीजवाहिनीच्या दाहाला सॅल्पिंजायटिस म्हणतात तो त्यावरूनच.

आता मराठी शब्द. ‘बीजवाहिनी’ हे नाव कामावरून पडलंय, आकारावरून नाही, आणि ते काम फाल्लोप्पिओला नेमकं ठाऊक नव्हतं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याला ती स्त्रीच्या रेताची वाट वाटली. सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज प्रत्यक्ष दिसलं ते १८२७ मध्ये, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरला. तेव्हा मुळाशी प्रामाणिक राहायचंच, तर तिन्ही मराठी शब्द बाद होतात.

माझं मत विचाराल तर बीजवाहिनी किंवा अंडवाहिनी म्हणावं. अंडनलिकाही चालेल. ‘गर्भनलिका’ मात्र टाळलेली बरी. गर्भ वाढतो गर्भाशयात. तो नळीतच रुजला तर ते दुखणं असतं, आणि त्यासाठी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. शिवाय बोलण्याच्या ओघात ऐकणाऱ्याला गर्भनाळ वाटते, ते वेगळंच.