बांधावरची धामण राहू दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बांधावर सहा फुटी धामण दिसली, गडी काठी घेऊन धावला, तू त्याला अडवलंस आणि आता घरचे सगळे तुझ्यावरच चिडले आहेत. ‘साप शेतात सांभाळून करायचंय काय?’ या वडिलांच्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नव्हतं, असं लिहिलंयस. उत्तर आहे. भूतदया बाजूला ठेवली तरी ते उरतं, कारण ते तुझ्या भाताच्या पोत्यांशी जोडलेलं आहे.

‘आयत्या बिळावर नागोबा’ हे आपण फुकट्या माणसाला हिणवायला म्हणतो. पण ही म्हण ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाली असेल त्याने शेत नीट पाहिलं होतं. नागाला किंवा धामणीला बीळ खणता येत नाही. ती उंदराच्या, घुशीच्या बिळात शिरतात, आतल्या मालकाला खातात आणि तिथेच राहतात. सापाचं शेतातलं काम या ‘शिरतात’मध्ये आहे. उंदीर खाणारे इतरही पुष्कळ आहेत. घुबड आहे, कापशी घार आहे, रानमांजर आहे, मुंगूस आहे. पण घुबडाला उंदीर मिळतो तो बाहेर आल्यावर. मांजर बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतं. मुंगूस थोडंफार उकरतं. तळाच्या खोलीपर्यंत, जिथे डोळे न उघडलेली पिल्लं असतात तिथपर्यंत, सहज पोचतो तो साप.

भातखाचराच्या बांधातलं लहान घुशीचं बीळ कधी उकरलंस तर बघ. तोंडं चार-पाच असतात, काही आतून मातीचा बूच लावून बंद केलेली. आत फाटे फुटतात. एका बाजूला कोठार, त्यात भाताच्या लोंब्या देठापासून कुरतडून नीट रचलेल्या. दुसऱ्या बाजूला गवत-पाचोळ्याचं मऊ अंथरूण आणि त्यात पिल्लं. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज होतात, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः वेण्याजोगी होतात. म्हणजे लावणीच्या वेळी जन्मलेली मादी कापणीच्या वेळेला आई झालेली असते. उंदरांची वाढ रोखायची तर ती या अंथरुणावरच रोखावी लागते.

धामण तिथे कशी पोचते? बिळाच्या तोंडाशी थांबते, जीभ बाहेर काढून हवेतले आणि मातीवरचे वासाचे कण उचलते, टाळूतल्या इंद्रियाला लावते. जिभेला दोन टोकं असल्याने वास डावीकडे जास्त की उजवीकडे, तेही तिला कळतं. म्हणून अंधारात फाटे फुटले तरी ती चुकत नाही. तिला विष नाही, आणि ती अजगरासारखे वेढे घालून आवळतही नाही. जबड्यात धरते, अंगाने बिळाच्या भिंतीशी दाबते आणि गिळते. पिल्लं असतील तर एकामागून एक.

दुसरी गोष्ट वडिलांना जरूर सांग. सापाला अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, ऊन पुरतं. एकदा पोटभर खाल्लं की कित्येक दिवस तो शांत पडून राहतो. त्यामुळे एक साप रोज दहा उंदीर खातो वगैरे जे सांगितलं जातं त्यावर विश्वास ठेवू नकोस, तसं होत नाही. पण याच गुणाची दुसरी बाजू फार मोलाची आहे. उन्हाळ्यात शेत मोकळं होतं, उंदीर कमी होतात. तेव्हा रोज खावं लागणारं जनावर उपाशी मरतं किंवा दुसरीकडे जातं. साप मात्र थोडक्यात भागवून तिथेच राहतो. पाऊस पडून उंदरांची नवी वीण सुरू होते तेव्हा तो जागेवर हजर असतो. उंदीर समूळ संपवणं त्याच्याने होणार नाही. तो त्यांना हाताबाहेर जाऊ देत नाही, आणि शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं. उंदीर वाढले की नुसतं धान्य जात नाही. बांध पोखरून खाचरातलं पाणी रात्रीत निघून जातं. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, तो उंदरांच्या मुतातून चिखलात उतरणारा आजार आहे.

सगळे साप उंदीर खातात असंही नाही. दिवड बेडूक-मासे खाते, नानेटी बेडकं खाते, कवड्या पालींच्या मागे घरात येतो, गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. मण्यार इतर सापांना खाते. मोर आणि मुंगूस सापही खातात, सर्पगरुड तर मुख्यतः सापांवरच जगतो. एक दोरा ओढला की वीण कुठे उसवेल ते आधी सांगता येत नाही.

आता धोक्याचं. सापाचं महत्त्व सांगणारे पुष्कळदा हा भाग पटकन उरकतात, ते मला पटत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. तेव्हा गड्याची भीती खोटी नाही. त्याला हसू नकोस, त्याला ओळख शिकव.

आपल्याकडे जीव घेणारे मुख्य साप चार. नाग फणा काढतो, ओळखू येतो. घोणस जाड, तपकिरी, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांबलेला फूत्कार. ती थेट पिल्लं घालते, पावसाळ्याच्या तोंडावर एका वेळी वीस-तीससुद्धा, आणि पिल्लूही विषारीच असतं. फुरसं लहान, कोकणातल्या कातळावर जास्त. अंगाच्या घड्या एकमेकींवर घासून करवतीसारखा आवाज करतं. मण्यार काळी-निळसर, पांढरे पट्टे, रात्री फिरणारी. गोंधळ होतो तो इथे. बिनविषारी कवड्याच्या अंगावरही पट्टे असतात, पण ते मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. बिनविषारी डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू विषारी घोणस समजून मारले जातात. धामण नाग समजून मारली जाते. तिचे डोळे मोठे असतात, ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा असतात, फणा नसतो. ती गायीचे पाय बांधून दूध पिते हे खोटं आहे. कुठलाही साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही. ओळख पटली नाही तर विषारी समजून लांब राहायचं. हातात धरून खात्री करायच्या भानगडीत पडायचं नाही.

मग करायचं काय? साप शेतात राहील आणि घराकडे येणार नाही अशी व्यवस्था.

घरापासून सुरुवात कर. साप घरात येतो तो उंदरामागे. धान्य कणगीतून पत्र्याच्या कोठीत हलव. कोंबड्यांचं सांडलेलं खाद्य संध्याकाळी झाडून घे. सरपण भिंतीला टेकून न ठेवता घरापासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच माचावर रच. भिंतीलगतचं गवत दहा-बारा फुटांपर्यंत कापलेलं ठेव. अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदीर येतो, त्याच्या मागून साप येतो. दाराखालची फट पट्टी मारून बुजव, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लाव. जमिनीवर झोपणं बंद. मण्यारीचे दंश रात्री, झोपलेल्या माणसाला होतात आणि पुष्कळदा दुखतही नाहीत. खाट नसेल तर मच्छरदाणी तरी लाव आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोच. रात्री मोटर चालू करायला जाताना विजेरी आणि गमबूट हवेतच. पेंढी किंवा पाचट उचलताना आधी काठीने हलवायचं, मग हात घालायचा.

आता शेत. बांध पेटवू नकोस. निदान एका बाजूचा तीन-चार फुटांचा पट्टा गवत-झुडपांसह राहू दे, पायवाट नसलेल्या बाजूचा. वारूळ फोडू नकोस. ते वाळवीने बांधलेलं असतं, पण साप आत अंडी घालतात. उसाचं पाचट जाळलंस तर साप, बेडूक, गांडुळं एका रात्रीत जातात आणि उंदीर खोल बिळात बसून वाचतात. त्यापेक्षा पाचट सरीत दाब, जमिनीलाही ते बरं. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून सापाला वर चढता येत नाही, तो पोहून पोहून मरतो. काथ्याचा जाड दोर गाठी मारून दोन कोपऱ्यांत पाण्यापर्यंत सोड. आणि भाजीच्या वाफ्याभोवतीची नायलॉनची मासेमारी जाळी काढ. सापाचं डोकं आत जातं, खवले अडकतात, मागे सरकता येत नाही, दोरा मांसात रुततो. धामणी फार मोठ्या संख्येने अशा मरतात. कुंपण हवंच तर जाळीचा खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर बांध.

उंदरांसाठी विष टाकायची घाई नको. आधी जिवंत बिळं मोज. संध्याकाळी बांधावरची सगळी तोंडं ओल्या मातीने लिंपून टाक, सकाळी जी उघडलेली दिसतील तेवढीच मोज. ताजी भुसभुशीत माती बाहेर आलेली असेल तर आत उंदीर आहे. कडा गुळगुळीत, नवी माती नाही, जवळ कात पडलेली, असं बीळ सोडून द्यायचं. संख्या कमी असेल तर सापळे आणि पक्षीथांबे, म्हणजे शिकारी पक्ष्यांना बसायला शेतात रोवलेल्या काठ्या, पुरतात. जास्त असेल तर भात पोटरीत येण्याआधी, आणि शेजाऱ्यांसह एकाच आठवड्यात उपाय करायला हवा. तू एकट्याने केलंस तर पंधरा दिवसांत शेजारचे उंदीर तुझ्या बिळांत येतील. झिंक फॉस्फाईड हे उंदरांचं विष वापरणार असाल तर आधी दोन दिवस बिनविषारी भरड तेल चोळून ठेवायची, तोंडाला चव लागली की मग विषारी आमिष, तेही बिळाच्या आत. पहिल्याच दिवशी विष टाकलं तर थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्याला शिवत नाही. ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाचा धोका वेगळा. उंदीर मरायला काही दिवस घेतो, तोवर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि औषध त्याच्या यकृतात साठलेलं असतं. त्याला खाणारं घुबड, मांजरही मग मरू शकतं. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरायचे. बिळात धुरी किंवा विषारी वायू सोडू नकोस. आत उंदीर आहे की साप, हे वायू बघत नाही.

तुला साप पकडायला शिकायचंय, असंही शेवटी लिहिलंयस. ते सध्या नको. साप घरात शिरला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवायची, मुलं आणि कुत्री बाहेर काढायची आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. शेतातला साप तर पकडायचाच नाही. दूर नेऊन सोडलेला साप अनोळखी मुलखात भटकतो, पुष्कळदा मरतो, आणि इथे उंदीर असतील तर त्या जागी दुसरा साप येतो.

एवढं करूनही दंश झालाच तर घड्याळ बघायचं आणि निघायचं. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढ, नंतर सूज येऊन निघत नाहीत. हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेव, माणसाला चालवू नकोस. करकचून दोरी बांधली तर रक्त अडून हात-पाय गमवायची वेळ येते. चिरा, चोखणं, मंत्र, पानाचा रस यांत फक्त वेळ जातो. सापाच्या मागे धावायचं नाही. १०८ला फोन कर. प्रतिविष या चारही सापांवर चालतं आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. ते कुठल्या दवाखान्यात आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे पावसाळ्याआधी जाऊन विचारून ये. विषाचा रक्तावर परिणाम होतोय का हे कळायला रक्त वीस मिनिटं काचेच्या नळीत ठेवून गोठतं का हे तिथे बघतात. सकाळी उठल्यावर कुणाच्या पापण्या जड झाल्या, पोटात कळा आल्या आणि अंगावर खूण काहीच नसेल, तरी मण्यारीची शंका धरून न्यायचं.

नागपंचमीला आजी नांगर धरू देत नाही, खणू देत नाही, म्हणून तू वैतागतोस ना? श्रावणात सापांची अंडी उबत असतात, काही पिल्लं नुकती बाहेर पडलेली असतात. तो एक दिवस बिळांना हात लागत नाही. तिचं ऐक.

या शनिवारी बिळं लिंप, रविवारी उजाडताच मोज. प्रत्येक बांधाचा आकडा वेगळा लिहून मला पाठव, आणि धामण कुठल्या बांधावर दिसली तेही त्यात टाक.

तुझा,
काका