नांदरुकीच्या बोन्सायवरचे छाटणीचे जुने व्रण भरतील का?

तुम्ही लिहिलंय, बेळगावात गच्चीवर ठेवलेल्या नांदरुकीच्या (वड-पिंपळाच्या जातीचं झाड) खोडावर दहाच्या नाण्याएवढे दोन व्रण आहेत, चार वर्षांत ते भरले नाहीत आणि वर थापलेलं सिमेंटही सुटायला लागलंय. भरतील, पण आधी ते सिमेंट पूर्ण खरवडून काढा. त्याच्याखाली ओल धरते आणि लाकूड कुजतं.

झाडाची जखम मधल्या लाकडातून भरत नाही. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाएवढा पातळ जिवंत थर असतो, त्यातून नवी गाठ सुटते आणि कडेकडेनं आत सरकते. तुमच्या व्रणाची कड वाळून निजली आहे, ती पुन्हा जागी करायची.

धारदार चाकू स्पिरिटनं पुसून घ्या आणि व्रणाभोवतीची साल एक-दोन मिलिमीटर कापा, आत ओला हिरवट थर दिसेपर्यंत. गोल आकार ठेवू नका, वर-खाली टोकं काढून बदामी आकार द्या. रस उभा वाहतो, त्यामुळे बाजूच्या कडा लवकर जवळ येतात. मधलं लाकूड गोल पटाशीनं दोन-तीन मिलिमीटर खोल करा. हे टाळलं तर जखम भरते, पण तिथं टेंगूळ येतं आणि ते व्रणापेक्षा वाईट दिसतं.

आता चीक. चीक वाहत असताना कट पेस्ट, म्हणजे जखम झाकायचा लेप, लावली की ती दोन दिवसांत सुटते, बहुतेकांचं इथंच बिघडतं. पाण्याचा फवारा मारत राहा, चीक थांबला की फडक्यानं टिपून कोरडं करा, मगच कट पेस्ट कडेवरून सालीवर थोडी चढेल अशी लावा.

वेळ मे अखेरची, वळीव होऊन पालवी जोरात असताना. खानापूरच्या बाजूला संततधार लागते, तिथं पहिले तीन आठवडे झाड पावसापासून आडोशाला, पण उजेडात ठेवा. अथणी-चिकोडीकडे उलट, तिथं कड वाळण्याची भीती जास्त. थंडीत हे काम करू नका.

खरी भरणी पानं करतात. पानांतलं अन्न खाली उतरतं, म्हणून व्रणाच्या वरच्या बाजूची एक फांदी दोन-तीन फूट मोकळी वाढू द्या, खालची वाढवून उपयोग नाही. ती मागच्या बाजूची निवडा, कारण नंतर कापल्यावर तिचाही घाव राहणार. पुढच्या मे महिन्यात गाठ थांबलेली दिसली तर कड पुन्हा खरवडा.

झाकायचंच असेल तर नांदरुकीसाठी मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे रोपाचं कलम. नांदरुकीचंच पेन्सिलीएवढं जाड रोप त्याच कुंडीत खोडालगत लावा. व्रणाच्या मधोमध उभी खाच काढा, ती वर आणि खाली जिवंत सालीत शिरली पाहिजे. रोपाची साल दोन्ही बाजूंनी तासून खाचेत घट्ट बसवा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळा. एकजीव झालं की पारंबी खोडाला चिकटल्यासारखं दिसतं, आणि एका रुंद जखमेच्या दोन अरुंद जखमा होतात. पट्टी दर महिन्याला बघा, रुतली तर नवा व्रण.

ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाच्या बोन्सायसारखं मेलेलं लाकूड पांढरं करून उघडं ठेवणं इथं जमत नाही. नांदरुकीचं लाकूड आपल्या पावसात कुजतं.

आणि यंदा कुंडी बदलू नका. मुळं कापली की वाढ थंडावते, मग कड पुन्हा निजते.