लोक लाखोंची घड्याळं का घेतात, आणि नकली घेणारे नकली का घेतात?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवर अचूक वेळ दिसत असताना माणसं लाखांची घड्याळं का घेतात, आणि ज्यांना परवडत नाहीत ते निदान त्यांची फर्स्ट कॉपी तरी का मिरवतात. म्हापशात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांचंच, गेली तीस वर्षं मी बसतो. दोन्ही प्रकारची घड्याळं माझ्या टेबलावर उघडली जातात, म्हणून सांगतो.

वेळेसाठी कुणीही महाग घड्याळ घेत नाही, हे आधी मान्य करू. कॅसिओचं साधं प्लास्टिकचं घड्याळ महिन्याला फार तर ३० सेकंद मागेपुढे होतं. स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं, प्रमाणपत्र मिळालेल्या चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाला दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते. अचूकतेची ही बाजी केव्हाच पलटली. १९६९च्या डिसेंबरात सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ (बॅटरीवर, स्फटिकाच्या कंपनांनी चालणारं) मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत एका मोटारीएवढी होती. पंधराएक वर्षांत तेच तंत्र चिल्लर पैशांत मिळू लागलं आणि स्वित्झर्लंडमधल्या घड्याळधंद्यातले सुमारे ९० हजार कामगार तीसेक हजारांवर आले. जी घराणी तगली, ती कारागिरी आणि परंपरेच्या नावावर तगली. आज लोक पैसे मोजतात ते त्यासाठीच.

गोव्यात तर या ओढीला आणखी एक पदर आहे. पोर्तुगिजांच्या काळात इथे परदेशी माल उघड मिळायचा आणि सीमेपलीकडे भारतात त्यावर कडक बंधनं होती. त्यामुळे स्विस घड्याळं इथून चोरवाटेने पलीकडे जात. गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली बंगळुरात एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला घेतली. पुढे घरोघरी एचएमटी आलं, पण ज्याच्या हातावर परदेशी घड्याळ, तो माणूस बाहेरचं जग बघून आलाय, ही समजूत काही गेली नाही. बोटीवरचे तारवटी आणि आखातात गेलेले यांनी ती वाढवलीच. पहिलं कंत्राट संपवून घरी येताना आईला किंवा बहिणीला सोनं आणि स्वतःला घड्याळ, हे मी किती घरांत पाहिलं असेल! अशा माणसाला तुम्ही "एवढे पैसे कशाला घातलेस?" असं विचारू नका. नऊ-नऊ महिने बिनखिडकीच्या केबिनमध्ये काढल्याची ती खूण असते.

काही जण गुंतवणूक म्हणून घेतात. त्यांना मी सांगतो की जुन्या बाजारातले रोलेक्सचे भाव २०२२च्या सुरुवातीला शिखरावर गेले आणि मग चांगलेच घसरले. पैसा वाढवायचा तर दुसरे मार्ग आहेत.

आता कॉपीबद्दल. कळंगुट-बागाच्या रस्त्यावर दीड-दोन हजारांत मिळणारं घड्याळ घेणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाही. त्यांना तो डायल, ते वजन, ती हिरवी नाहीतर निळी कड मनापासून आवडते. (विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. व्यापारचिन्ह कायदा १९९९ प्रमाणे त्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद होऊ शकते.) मला वाईट वाटतं ते दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाचं. खरं घड्याळ आणणारा ते काउंटरवर ठेवतो आणि काय बिघडलंय ते सांगतो. कॉपीवाला आवाज खाली करून आधी विचारतो, "ओळखता येतं का हो?" घड्याळ त्याच्या हातावर असतं, पण लक्ष सगळं समोरच्याच्या डोळ्यांकडे. तो घड्याळाकडे निवांत बघूच शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉपी मेली की बहुतेकदा मेलीच. चावीचा दांडा तुटला तर त्या मापाचा दांडा मिळेलच असं नाही. साठच्या दशकातलं स्विस घड्याळ मात्र वेळच्या वेळी तेलपाणी मिळालं तर आजही छान चालतं. अशी घड्याळं मी आजोबांच्या हातावरून नातवाच्या हातावर गेलेली पाहिली आहेत.

तीनेक वर्षांपूर्वी चवथीच्या आधी पेडण्याहून एक मुलगा आला. रुमालात गुंडाळलेलं रोलेक्स सबमरिनर. वडील बोटीवर स्टुअर्ड होते, आदल्या वर्षी वारले. म्हणाला, "काका, लग्नात घालायचंय, चालू करून द्या." हातात घेतल्याबरोबर मला शंका आली. तारखेवरच्या भिंगातून खऱ्या घड्याळाची तारीख अडीचपट मोठी दिसते, ही जेमतेम दीडपट. मागचं झाकण काचेचं. सबमरिनरचं झाकण बंद, पोलादी असतं. उघडलं तर आत साधं चिनी मशीन, तेल वाळून चिकट झालेलं. पण चावीचे दाते बोटांनी झिजून गुळगुळीत झाले होते आणि पट्ट्याच्या कड्यांत खाऱ्या हवेचा राप बसला होता. त्या माणसाने ते वर्षानुवर्षं हातावरून उतरवलं नव्हतं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. दुकानाबाहेरच्या बाकावर बसवून त्याला सगळं सांगितलं. बराच वेळ तो झाकणावरून अंगठा फिरवत राहिला. मग विचारलं, "बाबांना ठाऊक असेल?" मी काय सांगणार? बंदरावर फसलेलेही असतात, आणि घरचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून जाणूनबुजून कॉपी घेणारेही असतात.

बाहेरचं सगळं तसंच ठेवून आतलं मशीन तेवढं बदलून दे, म्हणजे चालेल, असं तो म्हणाला. त्या मापाचं मशीन सुदैवाने मिळालं. लग्नाचा फोटो त्याने मला पाठवला, हात मुद्दाम पुढे धरलेला. गेल्या महिन्यात पुन्हा आला होता. दुकानात चार माणसं होती. घड्याळ उतरवून काउंटरवर ठेवत म्हणाला, "काका, हे बाबांचं. पट्ट्याची पिन सैल झालीय, बघा जरा."