इतिहासाचा प्राध्यापक व्हायला किल्ल्यांची आवड पुरेशी आहे का?

नाही. किल्ल्यांची आवड अर्ध्या पुण्याला आहे. रविवारी सिंहगडावर भजी खायला उभं राहायला जागा नसते. तुम्ही पुढे लिहिलंय, 'जुने कागद वाचायचा कंटाळा येतो, ते लेखनिकाकडून करून घेता येतं का?' त्या वाक्यासाठी लिहायला बसलो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी बंडगार्डन रस्त्यावरच्या पेशवे दफ्तरात जायला लागलो. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "कागदांचे रुमाल सोडत बसणं हे कारकुनाचं काम. प्राध्यापकानं विश्लेषण करावं." मला ते सोयीचं वाटलं, कारण त्या कागदांची मोडी लिपी वाचताना अडखळायचो. तिथे घोड्यांच्या दाण्याचा एक हिशेब मिळाला. त्यावर तारीख होती छ (म्हणजे चंद्र) २० जमादिलाखर, साल इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे पेशवाईत चालणारा शुहूर सन ११६१. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवले, १७६० आलं, आणि पानिपताच्या वर्षभर आधीच फौजेची कशी आबाळ होती यावर सतरा पानी निबंध ठोकून मोकळा झालो. प्रमुखांनी पाठ थोपटली.

दफ्तरात रुमाल काढून देणारे एक वयस्कर गृहस्थ होते. कागद परत बांधता बांधता त्यांनी विचारलं, "साल कुठलं धरलंत?" मी सांगितलं. "साहेब, हे साल मृगाला बदलतं. जानेवारी ते मेच्या कागदाला सहाशे मिळवायचे. जमादिलाखर त्या साली जानेवारीत, म्हणजे हा १७६१ चा जानेवारी. पानिपत होऊन गेलंय." आणि रुमालाला गाठ मारली.

प्रमुख म्हणाले, एका वर्षानं काय बिघडतं, कोण बघतंय! मी निबंध मागे घेतला. ते निवृत्त होईपर्यंत आमचं बोलणं हजेरीपुरतंच राहिलं. कागदांसाठी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, मग त्यांनाही कारकूनच म्हणायचं का, हे प्रमुखांना विचारायचं राहून गेलं.

तेव्हा लेखनिकाकडून खुशाल करून घ्या, पण मग निबंधावर नावही त्याचंच घाला. नाहीतर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन मोडीच्या वर्गाची चौकशी करा.

करिअरचं विचारलंत, ते राहिलंच. नेट-सेट या पात्रता परीक्षा होऊनही तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या पैशांवर, वर्षानुवर्षं काढणारी मुलं माझ्या ओळखीत आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना दमडी मिळत नाही. घरात दुसरा पगार असेल तर बरं. आणि हो, प्राचीन भारत घेणार असाल तर मोडीवाचून तुमचं काही अडणार नाही. तिथे ब्राह्मी लिपी अडवेल.