लिफ्ट नसलेल्या इमारतीत ७० किलोचं वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावर न्यायला तीन चाकांची ट्रॉली चालेल का?

चालेल, पण दोन माणसं हवीत आणि जिना सरळ हवा. ही ट्रॉली वजन कमी करत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांचा त्रिकोण असतो. एक चाक पायरीला अडलं की त्रिकोण फिरतो आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर बसतं. ओढायचं तुम्हालाच असतं, दर पायरीला एक झटका.

म्हणून आधी पायरी मोजा. साधारण १७ सेंटिमीटर उंच आणि २५ खोल असेल तर बहुतेक ट्रॉल्या चढतात. जुन्या वाड्याचाळींतल्या लाकडी जिन्यांच्या पायऱ्या २० च्या वर जातात. तिथे वरचं चाक पायरीवर न बसता कडेवर अडकतं आणि ओढताना घसरतं. रिकामी ट्रॉली चार पायऱ्या ओढून बघा, लगेच कळेल. वळणावर त्रिकोणी पायऱ्या असतील तर ट्रॉली नकोच. एका बाजूच्या चाकांना टेकायला जागा उरत नाही आणि सगळं आडवं होतं. तेवढा भाग खांद्याच्या पट्ट्यांनी उचलून न्या.

ट्रॉलीवर छापलेली क्षमता सपाट जमिनीची समजा, जिन्यावर तिच्या निम्मीच धरा. ७० किलोला १५० किलोची, भरीव रबरी चाकांची घ्या. पोकळ प्लास्टिकची चाकं आधी एक्सलपाशी तडकतात.

फ्रंट लोड मशीन असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (ड्रम जागेवर घट्ट धरून ठेवणारे) परत लावल्याशिवाय हलवू नका. आत काँक्रीटची वजनं असतात, ड्रम मोकळा राहिला तर झटक्यांनी सस्पेन्शन जातं. खालच्या फिल्टरमधून पाणी काढून टाका. मशीनची बाजू ट्रॉलीला लावा. पाठ लावली तर पाइप चेपतात आणि पट्टा दारावर येतो. मध्ये गोधडी घाला. रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे दोन, एक खाली एक वर. आवळताना मशीनचा पत्रा दबायला लागला की थांबा.

ओढणारा दोन पायऱ्या वर, गुडघे वाकवून, पाठ ताठ. खालच्याने बूड धरून ढकलायचं, त्याच्यामागे जिन्यात कुणीही नको. पायऱ्या कोटा किंवा कडप्प्याच्या असतील तर आधी कोरड्या पुसा.

लँडिंगवर खरी अडचण येते. ६० बाय ६० च्या मशीनचा कर्णच ८५ सेंटिमीटर, त्यात ट्रॉलीची जाडी. लँडिंग मीटरभरापेक्षा कमी असेल तर मशीन ट्रॉलीवरून उतरवून हातानेच वळवा.

खाली आणायला मात्र ही ट्रॉली वापरू नका. त्रिकोणाला ब्रेक नसतो, वजन दर पायरीला १७ सेंटिमीटर धपकन खाली येतं, पायरीची कड उडते आणि वरच्या माणसाचे हात सुटतात. उतरवायला ब्रेकवाली बॅटरीची ट्रॉली भाड्याने मिळाली तर ती घ्या, नाहीतर चार माणसं लावा.