क्षाराचे पाणी आणि घरगुती मिश्रणांची मापे

प्रश्न (बीड): नळावरचा पांढरा थर काढायला व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करतो. फेस भरपूर येतो, थर मात्र तसाच. प्रमाण चुकते का?

उत्तर: प्रमाण नव्हे, जोडीच चुकली आहे. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तो फेस. ५ टक्के व्हिनेगर १०० मिली घेतले, तर त्यातले सगळे आम्ल मारायला ७ ग्रॅम, म्हणजे दीड चमचा सोडा पुरतो. थर असतो कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याला नुसते आम्लच हवे. ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, मग पाणी घालून एकूण १ लिटर करा. फडके भिजवून तोटीला गुंडाळा, २० मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा, धुऊन टाका. रात्रभर ठेवू नका, तोटीची चकाकी जाते.

प्रश्न (लातूर): हेच पाणी शहाबादी फरशीला चालेल?

उत्तर: मुळीच नाही. शहाबादी म्हणजे चुनखडीच, डागाबरोबर फरशीही खाल्ली जाते. मग उरणारा फिकट चट्टा पुसून जात नाही, पॉलिशच करावे लागते. कोटा आणि संगमरवराचेही तसेच. ५ लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचे लिक्विड पुरे.

प्रश्न (जालना): बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. धुण्याचा सोडा किती घालावा?

उत्तर: आधी पाणी तपासून घ्या. अहवालात एकूण कठीणता लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल, तर १० लिटरच्या बादलीला साधारण ५ ग्रॅम सोड्याची कोरडी पूड लागते. ३०० असेल तर ३ ग्रॅम. खडे असतील तर ५ ऐवजी १४ ग्रॅम घ्या, कारण खड्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असते. सोडा आधी, साबण नंतर. आधी साबण गेला तर तो कॅल्शियमशी जुळून चिकट साय धरतो आणि कपड्यांवर पांढरट राप बसतो. सोडा ढवळून थोडा वेळ थांबा, गाळ बसला की वरचे पाणी घ्या. पैठणी, लोकर यांना हे पाणी लावू नका. जर्मनच्या भांड्यात तर सोडा भिजवूच नका, भांडे काळे पडते.

प्रश्न (परभणी): संडासात सायट्रिक अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र टाकले तर जास्त स्वच्छ होईल?

उत्तर: कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. एक वापरून झाल्यावर भरपूर पाणी ओता आणि दुसरे दुसऱ्या दिवशी वापरा.